टकल्या टायरांची आणि पिवळ्या कोपऱ्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. देवाचे वाहन उंदीर, त्यास टायर लागत नाहीत. ज्यांस लागतात त्यांजकडेही देवाने लक्ष ठेवावे, इतके मागून आरंभ करितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, पौष मास, भोगीचे दिवशी सकाळी निळ्या डब्यातील टकले टायर घरात नाहीत हे उघड जाले. त्याहून मोठे नुकसान आधीच, दिवाळी सरल्यावर, जाले होते. आमच्या कुटुंब हेमलताबाई, ज्यांस सारे राज्य बाईसाहेब म्हणे, त्या देवाघरी गेल्या. ते सर्वांस ठाऊक आहे, आणि त्याचे वर्णन लिहिणारास जमणार नाही, सबब करीत नाही. मंडळींची आज्ञा जाली की बाईसाहेबांमागे जी पहिली मोहीम जाली तिचे वर्तमान लिहून द्यावे, म्हणून टायरांपुरते लिहितो. नक्षी येत नाही, जसे जाले तसे लिहितो.

आमचे राज्य म्हणजे एक पत्र्याचे गोदाम. पूर्वी त्यात हळद साठवीत, पुढे हळदीचा व्यापार दुसरीकडे गेला आणि गोदाम ओस पडले, मग काही मंडळींनी ते भाड्याने घेतले आणि आत लाल माती आणून दाबून बसविली, पाणी मारिले, उंचवटे केले, वळणे केली, आणि कडेने प्लास्टिकचा पाइप टाकून सरहद्द आखिली, आणि तेथे बग्ग्यांचे राज्य स्थापन जाले. बग्गी म्हणजे हातभर लांबीची मोटार, बॅटरीवर चालते, आत कोणी बसत नाही. धनी उंच लाकडी माचावर रिमोट घेऊन उभा राहतो आणि बग्गी खाली उड्या मारीत पळते. फौज म्हणावी तर थोडकी, कोणी बँकेतून निवृत्त, कोणी सिमेंटचा दुकानदार, कोणी दातांचा डॉक्टर. पण रिमोट हाती आला की सगळेच सरदार. आणि या राज्यात लढाई ती टायरांची. मोटारी सारख्या, बॅटऱ्या सारख्या, पण टायर चुकला की भला भला सरदार पाइपावर जाऊन आदळतो. बाहेरून येणारास वाटते, नवा टायर चांगला, त्यास रबराचे काटे असतात, ते पकड घेतील. उघड्या मैदानात ते खरेही आहे. पण छपराखालची माती ओलसर आणि दाबलेली, बग्ग्या फिरून फिरून ती घोटलेल्या कागदासारखी होते, तेथे काटे मुडपतात आणि बग्गी झोकांड्या खाते. तेथे झिजलेला, गुळगुळीत, टक्कल पडलेला टायरच मातीस सबंध चिकटतो. नवा टायर दुकानात मिळतो. टकला मिळत नाही, तो करावा लागतो.

ते काम बाईसाहेबांचे. त्या जुन्या बग्गीस नवे टायर लावून दुपारच्या वेळी रिकाम्या गोदामात संथ चकरा मारीत, आणि मधेच थांबवून चाक काढीत, अंगठ्याने दाबून बघत, गालास लावून बघत, आणि "अजून थोडं" म्हणून पुन्हा चकरा मारीत. टायर रिमवर चढवून आत फोमची कडी भरणे आणि पातळ गोंदाने कड चिकटविणे, हेही त्याच करीत. आम्ही एकदा करावयास गेलो तो दोन बोटे एकमेकांस चिकटली आणि तशीच घेऊन जेवावयास बसलो, तेव्हापासून आम्हांस गोंदाची बंदी जाली. आणि मोहिमेचे, म्हणजे शर्यतीचे, दिवशी सकाळी बाईसाहेब पायातले काढून मातीत उतरत आणि एकेका वळणास तळहात टेकीत. गोदामाच्या उत्तरेकडील कोपऱ्यात छपराच्या लोखंडी कैच्यांवर जुन्या हळदीची धूळ अद्याप आहे, वारा सुटला की पत्रा हलतो आणि धूळ खाली वळणावर पडते; ते वळण सर्वांत वाईट, त्यास पिवळा कोपरा म्हणतात. बाईसाहेब तेथला तळहात उजेडात धरून बघत आणि म्हणत, "आज पिवळं थोडंच आहे, टकले लावा," अथवा, "पिवळं फार, काटे राहू देत." मग आमच्या बग्गीस जे टायर लागत तेच सारी फौज लावी. दातांचा डॉक्टरही लावी. येणेप्रमाणे कैक वर्षे चालिले, आणि राज्यात दुसऱ्या कोणास टायर निवडण्याची सवयच राहिली नाही.

नवरात्रात बाईसाहेबांची प्रकृती बिघडलेली, तरी रिक्षाने गोदामात गेल्या आणि चार टायर हवे तसे झिजवून आणिले, आणि बिस्किटांच्या निळ्या डब्यात ठेवून म्हणाल्या, "अहो, हे पौषातल्या मोहिमेला. आधी हात लावलात तर बघा." आम्ही हात लाविला नाही. पुढे जे जाले ते जाले, आणि आमच्या वडील भगिनी ताराक्का घर सांभाळण्यास येऊन राहिल्या, आणि भोगीचे सकाळी आम्ही फळीवरून निळा डबा काढिला तो आत तीळ. अक्का भाकरी थापीत होत्या. आम्ही पुसिले, "अक्का, यातली रबरं कुठं गेली?" अक्का म्हणाल्या, "ती होय? ती घंटागाडीत दिली. अरे बाळ्या, टकली रबरं होती ती, एकावर दाणा नव्हता! नवी कोरी मात्र बघ, पुसून, कापडात बांधून कपाटात ठेवलीत. डबा चांगला होता, त्यात तीळ भरले. सण नाही आपला यंदा, पण थंडीला तीळ लागतातच." आम्ही खुर्चीवर बसलो. अक्का तोंडाकडे बघून म्हणाल्या, "असं काय बसलास? सोन्याची होती का?" आम्ही म्हटले, "नाही. तिनं झिजवली होती." मग अक्कांची तव्यावरची भाकरी करपली, आणि ती आम्ही दोघांनी तशीच खाल्ली. कपाटातले कापड सोडून पाहिले तो नव्या टायरांचा एक पुरा संच बाईसाहेबांनी चिकटवून ठेविलेला, आणि त्याशिवाय पुढच्या चाकांची एक जोडी, फोम भरून रिमवर चढविलेली, पण गोंद लावावयाचा राहिलेला.

येथे एक मजकूर आधीचा सांगणे जरूर. सिमेंटवाले सरदार धनाजी पाटणकर, मोठा हसरा माणूस, आवाज गोदामाच्या या टोकापासून त्या टोकास जाणारा, यांनी मार्गशीर्षात घरी येऊन विचारिले होते, "आबा, बग्गी नुसती झाकून ठेवणार का? तुमचं मन नसेल तर मला द्या, मी पळवत ठेवीन तिला." त्यात वाईट काही नव्हते. आणि आम्ही त्यांस जबान दिली होती की पौषाच्या मोहिमेत शेवटच्या फेरीत जागा मिळाली तर बग्गी आमची, न मिळाली तर बग्गी, रिमोट, चार्जर, सगळे तुमचे. कारण आजवर निवड बाईसाहेबांची आणि आम्ही नुसता खटका दाबणारे. एकट्याने हे जमते की नाही, ते एकदा बघून मोकळे व्हावे असा मनाचा निश्चय जाला होता. हे अक्कांस भोगीचेच दिवशी सांगितले. अक्का म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापायी तुझी गाडी जाणार?" आम्ही म्हटले, "तसं नाही." अक्का म्हणाल्या, "तसंच आहे. मी येते बरोबर."

मग संक्रांत उलटून रविवार आला आणि सकाळी रिक्षाने कूच केले. अक्कांचे मांडीवर पिशवी, त्यात भाकरी, लसणाची चटणी, तिळाचा निळा डबा, बाईसाहेबांची गोंदाची बाटली, आणि न्हाणीघरातली वजरी, जिने बायका टाचा घासतात. आम्ही म्हटले, "ही कशाला?" अक्का म्हणाल्या, "झिजवायचंच आहे ना? मी झिजवते." आम्ही म्हटले, "अक्का, टायर मातीवर चालवून झिजतो, तो पाय नव्हे." अक्कांनी वजरी पिशवीत परत सारिली आणि बाहेर बघू लागल्या. गोदामात पोचलो तो किल्लेदार मुराद शिकलगार, जे माती राखतात, पाठीवर फवारणीचा पंप अडकवून पाणी मारीत होते. ते म्हणाले, "या आबा. पाणी वहिनी सांगायच्या तसंच मारलंय, कमी नाही जास्त नाही." आणि आत बघतो तो अवघ्या फौजेच्या बग्ग्या टेबलांवर चाके काढून ठोकळ्यांवर बसलेल्या, आणि सरदार मंडळी हातात चहा घेऊन आमची वाट बघत उभी. कोणाच्याही बग्गीस एक टायर नाही. बाईसाहेब नव्हत्या, पण सवय होती.

आमच्यापाशी होते ते नवेच. कापड सोडिले आणि काटेरी नवे टायर बग्गीस लाविले, तो मंडळी हातातले चहा खाली ठेवून पुढे सरकली. पाटणकर जवळ येऊन बोलिले, "नवे? आबा, नवे?" आम्ही म्हटले, "हो." खरे सांगावयाचे तर घंटागाडीचे सांगावे लागते, आणि अक्का बाजूसच उभ्या, चारचौघांत वडील बहिणीचे नाव कसे घ्यावे? सबब पुढे बोलिलो नाही. तो पाटणकर मागे वळून इतरांस हळू बोलिले, आणि त्यांचे हळू म्हणजे सर्वांस ऐकू जाते, "वहिनी सांगून गेल्यात." जाले. ती बातमी टेबलोटेबली गेली. डॉक्टर म्हणाले, "थंडीत माती आखडते. म्हणून काटे. मला वाटलंच होतं." दुसरा म्हणाला, "वहिनींनी गेल्या उन्हाळ्यातच एकदा सुचवलं होतं मला." आम्ही म्हटले, "अहो, तुम्ही तुमचे नेहमीचे लावा की!" त्यावर पाटणकर म्हणाले, "बघा! सांगत नाहीत. म्हणजे नक्की आहे." आणि ज्यांचेपाशी चांगले टकले टायर तयार होते त्यांनी ते खोक्यात टाकिले आणि नव्याची पाकिटे फोडिली, आणि सारी फौज चिकटवावयास बसली, आणि गोंदाच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या जाल्या, आणि डॉक्टरांचे बोट टेबलास चिकटले ते शिकलगारांनी पाणी घालून सोडविले. अक्कांनी आम्हांस विचारिले, "हे सगळे काय करतायत?" आम्ही म्हटले, "आपली नक्कल."

मग पहिली फेरी सुरू जाली. फेऱ्यांची रीत अशी की दोन वेळा पळावयाचे, त्यात ज्याची एखादी फेरी चांगली होईल तो शेवटच्या फेरीत जातो. शिट्टी जाली आणि नव्या टायरांची अवघी फौज एकदम सुटली, आणि पहिल्याच वळणास एकदम आडवी जाली. कोणी पाइपावर, कोणी कोणाच्या पाठीवर, कोणी तोंड फिरवून आला तिकडेच निघालेला. काटे मातीवर लोण्यावरून जावे तसे गेले. शिकलगार कर्ण्यावरून बोलिले, "अहो सरदार, पळायला आलात की सारवायला?" आणि पिवळ्या कोपऱ्यात जे काही पोचले त्यांस तेवढी पकड मिळाली, पण तेथवर पोचलेच मोजके, आणि आम्ही त्यात नव्हतो. आमची बग्गी दुसऱ्या उंचवट्यामागे उताणी होऊन चाके फिरवीत पडली होती.

फेरी संपली आणि मंडळी भोवती गोळा जाली. पाटणकर म्हणाले, "आबा, राग मानू नका, पण हे वहिनींनी सांगितलं?" आम्ही रिमोटाची तार गुंडाळू लागलो, आणि त्या रिमोटास तार नव्हतीच. तेवढ्यात अक्का पुढे जाल्या आणि म्हणाल्या, "तिनं काही सांगितलं नाही. तिनं करून ठेवलेली टकली रबरं मी घंटागाडीत दिली. मला कळलं नाही. हा बोलला नाही तो माझ्यासाठी." आणि पदर खोचून उभ्या राहिल्या, कोणी काही बोलेल तर ऐकावयास. मग पाटणकर पोट धरून हसू लागले. म्हणाले, "अक्का, आमच्या वडिलांनी काय केलं ठाऊक आहे? माझे टकले टायर बघून त्यांना वाईट वाटलं, पोराची गाडी झिजली म्हणून! ते गुपचूप टाकून दिले आणि वाढदिवसाला नवे आणून ठेवले. मला त्यांच्या पाया पडावं लागलं." डॉक्टर म्हणाले, "माझे सासूबाईंनी कुंड्यांखाली ठेवलेत. अजून तिथंच आहेत, तुळशीखालचे मागायचे कसे?" आणखी एक म्हणाला की त्याच्या घरी ते पाळण्याखाली सापडले, चावलेले. असे ज्याचे त्याचे नुकसान बाहेर आले आणि हसू गोदामभर जाले, आणि अक्काही हसल्या, आणि पदर सोडिला. मग पाटणकर एकदम थांबून म्हणाले, "म्हणजे आज हुकूम कुणाचाच नाही?" आम्ही म्हटले, "नाही." पाटणकर म्हणाले, "मग लावायचं काय?" आणि सगळे मातीकडे बघू लागले, जणू तीच बोलणार. मग बहुतेकांनी एकमेकांस पुसता पुसता आपले जुने टकले परत लाविले, कारण तेच ओळखीचे.

आमच्यापाशी टकले नव्हते. आम्ही चपला काढून मातीत उतरलो आणि गुडघे टेकिले, ते दोन्ही वाजले. पहिल्या वळणास तळहात टेकिला तो लाल आणि ओलसर. मधल्या वळणास तसाच. पिवळ्या कोपऱ्यात टेकिला आणि उजेडात धरिला, तो सबंध पिवळा, रेषा सुद्धा भरलेल्या. आदल्या दिवशी वारा बहुत होता. पिवळे फार, म्हणजे बाईसाहेबांचे बोलाप्रमाणे काटे; पण काट्यांनी आत्ताच लाल मातीवर आडवे पाडिले होते. बाईसाहेब याचा हिशेब मनात कसा करीत ते आम्ही कधी विचारिले नाही, आणि आता विचारण्याची सोय नाही, सबब स्वतःच बसून विचार केला. बग्गीस ढकलतात मागची चाके, त्यांस लाल माती सगळीकडे मिळते, तेथे टकलेच पाहिजेत. पण पिवळ्या कोपऱ्यात तोंड वळवितात पुढची चाके, त्यांस धूळ फोडून खाली पोचावयाचे, तेथे काटे पाहिजेत. मागे टकले आणि पुढे काटेरी, असे त्या गोदामात कोणी लाविले नव्हते, बाईसाहेबांनीही नाही. आम्ही अक्कांपाशी येऊन म्हटले, "अक्का, ती वजरी काढ." अक्का म्हणाल्या, "आता पाय नव्हे का तो?" आणि काढिली.

अक्का भिंतीशी मांडी घालून बसल्या आणि मागचे एक चाक दोन्ही टाचांत धरून घासू लागल्या, आणि रबराची काळी भुकटी लुगड्यावर पडू लागली, आणि जे येई ते उभे राहून बघे. अक्का म्हणाल्या, "लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या टाचा इतक्या घासल्या नव्हत्या." डॉक्टर म्हणाले, "अक्का, आमच्याकडं कामाला या, दात घासायला." अक्का म्हणाल्या, "तोंड उघडा, आत्ताच बघते." पहिले चाक एका अंगाने जास्त झिजले, ते दुसऱ्या अंगाने घासून सारखे केले, दुसरे पहिल्यापेक्षा बरे उतरले. आम्ही अंगठ्याने दाबून बघितले, आणि गालास लाविले, आणि म्हणालो, "अजून थोडं." अक्कांनी मान वर करून आमच्याकडे बघितले आणि आणखी घासिले.

दुसरी फेरी सुरू जाली. सरळ वाटेवर टकल्यांची फौज आमच्या पुढे गेली, आणि पहिल्या वळणास आम्ही मागेच, पण आडवे नाही. आणि पिवळा कोपरा आला तो पुढचे सगळे धुळीवरून नीट पाइपाकडे घसरत गेले, आणि आमची बग्गी काट्यांनी धूळ फोडीत आतल्या अंगाने वळून निघाली. अक्का खालून ओरडल्या, "बाळ्या, वळली रे वळली!" आणि अख्ख्या राज्यास आमचे घरचे नाव कळले. दर चकरेस तोच प्रकार, सरळ वाटेवर गमवावे आणि कोपऱ्यात कमवावे, आणि शेवटी शिकलगारांनी कर्ण्यावरून नावे वाचिली, त्यात आमचे शेवटचे, पण होते. पाटणकर मोठ्याने म्हणाले, "गेली! बग्गी गेली माझी! कपाटात जागा करून ठेवली होती हो!" आणि पाठीत अशी थाप मारिली की हातातला चहा सांडला. आम्ही म्हटले, "त्या जागेत सिमेंट ठेवा."

शेवटच्या फेरीआधी पाटणकर शहाणपणाचे बोलिले, ते लिहितो. म्हणाले, "आबा, ऐका. सगळ्यांनी फिरून कोपऱ्यातली धूळ आता उडालीय. तुमचे पुढचे काटे तिथं गरजेपेक्षा जास्त धरतील, आणि बग्गी वळताना पालथी पडेल. टायरच्या बाहेरच्या अंगाला थोडा गोंद फासा." ही युक्ती सर्वांस ठाऊक, गोंद वाळला की रबराची ती कड कडक होते, मग ती कडेने धरीत नाही, बग्गी पडण्याऐवजी सरकते. पाटणकरांचा आणि इतरांचा गोंद सकाळीच संपला होता. आमची बाटली पिशवीत भरलेली होती. ती बाहेर काढिली. तोंड बुजू नये म्हणून बाईसाहेबांनी त्यात मोत्याच्या डोक्याची टाचणी खोचून ठेविली होती, साडीची. आम्ही टाचणीस बोट लाविले, आणि मग बाटली पिशवीत परत ठेविली आणि म्हणालो, "राहू दे." पाटणकरांनी पिशवीकडे बघितले, आमच्याकडे बघितले, आणि म्हणाले, "राहू दे. जपून वळवा म्हणजे झालं."

मग शेवटची फेरी जाली, आणि आम्ही सर्वांच्या मागून निघालो, आणि अक्कांनी घासलेल्या मागच्या चाकांनी माती अशी धरिली की एकेकास मागे टाकीत वर आलो, आणि अखेरच्या चकरेस आमच्या पुढे एकटे पाटणकर राहिले. पिवळा कोपरा आला. तो आता पिवळा नव्हता, लाल आणि घोटलेला होता, पाटणकर म्हणाले होते तसाच. आम्ही जपून वळविली नाही. आतून शिरलो, पुढच्या काट्यांनी माती करकचून धरिली, आणि बग्गी एका अंगावर उभी राहिली आणि पालथी जाली. अक्का ओरडल्या, "पालथी पडली! अहो डॉक्टर, उचला की!" डॉक्टर शेवटच्या फेरीत नव्हते म्हणून पडलेल्या बग्ग्या उचलण्याचे काम त्यांजकडे होते, ते धावले आणि घाईत बग्गी उलट्या तोंडाने ठेविली, आणि ती फिरवीपर्यंत दोघे निघून गेले. पाटणकर जिंकले. आम्ही चौथे आलो. अक्का डॉक्टरांस म्हणाल्या, "दात तरी सरळ बसवता का?"

नंतर टेबलाभोवती भाकरी आणि चटणी निघाली, आणि पाटणकर जिंकलेला करंडक काखेत मारून म्हणाले, "आबा, पुढच्या मोहिमेला काय लावायचं?" आणि सगळे आमच्याकडे बघू लागले, सकाळी बघत होते तसेच. आम्ही म्हटले, "मला विचारू नका. मी आज चूक निवडले आणि बरोबरही निवडले. माती बघू. पण सगळ्यांनी हात टेकायचा." पाटणकर म्हणाले, "आत्ताच टेकतो की," आणि उतरले, आणि त्यांचेमागे बाकीचे, आणि शिकलगार ओरडत राहिले की वळणे मोडतील, आणि सरदार मंडळी गुडघ्यांवर बसून आपापला तळहात उजेडात धरून बघू लागली, आणि यात पिवळे किती, तुझ्यात किती, यावरून भांडू लागली. परत आले ते तसेच भाकरीस हात घालावयास. अक्का गरजल्या, "हात धुवा आधी!" आणि सगळे धुवावयास गेले. मग अक्कांनी निळा डबा उघडला आणि ज्याच्या त्याच्या धुतलेल्या हातावर चिमूटभर तीळ ठेविले, आणि म्हणाल्या, "गूळ नाही, सण नाही आमचा. नुसतेच खा." आणि सर्वांनी खाल्ले.

एवं मोहीम संपूर्ण जाली. क्रमांक चौथा, बग्गी घरी. तीळ बरणीत गेले आणि अक्कांनी घासलेले मागचे दोन टायर निळ्या डब्यात ठेविले आहेत, आणि डब्यावर अक्कांनी स्वतः चिठ्ठी लाविली आहे की टाकू नये. वजरी दुसरी आणिली. राज्यात आता ज्याने त्याने आपला हात टेकून टायर निवडावा असे ठरले आहे, आणि त्यामुळे भांडणे वाढली आहेत, आणि चहा जास्त लागतो. बाईसाहेबांनी रिमवर चढवून ठेविलेली पुढच्या चाकांची जोडी कपाटात आहे, आणि गोंदाची बाटली तिच्यापाशी आहे, टाचणी तशीच. ती जोडी चिकटवावयाची राहिली आहे.